दंडाचे माप: मालवणच्या समुद्रातील एका कायद्याचा इतिहास

मालवणच्या किनाऱ्यावरील मासेमारीच्या अपराधांचा आणि त्यांच्या शिक्षेचा आधुनिक इतिहास 1981 सालापासून सुरू होतो. त्या वर्षी 1 मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षीचा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम बारा सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यासाठी केला गेला. समुद्रतळ खरवडत जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरविरुद्ध गोव्यातील रापणकारांनी सत्तरच्या दशकात आंदोलने उभारली होती. त्यानंतर केंद्राने राज्यांकडे नमुना विधेयक पाठवले आणि केरळ व गोव्यापाठोपाठ महाराष्ट्राने कायदा केला.

संरक्षण कोणाला हवे होते, हे रापणीकडे पाहिले की कळते. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभ्या माणसांच्या रांगांनी ओढून घ्यायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करायचे, अशी ही सामुदायिक पद्धत आहे. मासा किनाऱ्यालगत आला तरच तिला काही मिळते. याउलट पर्ससीन जाळे खोल पाण्यात बांगडा किंवा तारली यांच्या थव्याला वेढा घालते आणि तळाची दोरी ओढली की बटव्याच्या तोंडासारखे खालून बंद होते, त्यामुळे किनाऱ्याकडे येणारा थवा वाटेतच उचलला जातो.

कायद्याची खरी परीक्षा शिक्षेच्या रचनेत झाली. नियम मोडणाऱ्या नौकेचा मालक फौजदारी न्यायालयात उभा राहत नसे. मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिकारी नौका पकडून अहवाल देई आणि चौकशी करून शास्ती ठरवण्याचे काम अभिनिर्णय अधिकारी म्हणून तहसीलदाराकडे असे. जप्त मासळी नाशवंत असल्याने तिचा लिलाव होई आणि दंडाची कमाल मर्यादा मासळीच्या किमतीशी, तिच्या पाचपटीपर्यंत, बांधलेली असे. म्हणजे अपराधाचे माप नियमभंगावरून न ठरता नौकेत सापडलेल्या मासळीवरून ठरत होते. जाळे ओढण्यापूर्वी पकडली गेलेली किंवा मासळी आधीच दुसऱ्या नौकेत चढवलेली नौका स्वस्तात सुटण्याचा धोका या रचनेतच होता. शिवाय महसुली कामांच्या ओझ्याखाली असलेल्या तहसीलदाराने समुद्रावरच्या तंत्राचा निवाडा करावा, ही अपेक्षाही ताणलेलीच होती. कायदा करणाऱ्यांनी हेतू नीट ओळखला, पण साधन चुकीचे निवडले, असाच निष्कर्ष निघतो.

पुढे पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले आणि राज्याच्या पाण्यात तिला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला. पाठोपाठ 2017 मध्ये केंद्राने, प्रखर एलईडी दिव्यांनी मासे एका जागी खेचून घेण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. मात्र मनाई वाढली तरी दंडाचे जुने माप तसेच होते, आणि मालवणचे पारंपरिक मच्छीमार अंमलबजावणीसाठी वारंवार रस्त्यावर उतरत राहिले.

मूळ कायद्यानंतर चार दशकांनी, 2021 च्या दुरुस्तीने, हे माप बदलले. निवाड्याचा अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेला आणि दंड नियमभंगाच्या प्रकाराला जोडला गेला. एलईडी मासेमारीसाठी तो 5 ते 20 लाख रुपये ठरला. यात लाभ उघड आहे, पण जोखीमही आहे, कारण पकडणारा आणि निवाडा करणारा आता एकाच विभागाचा असतो, त्यामुळे अपिलाची वाट मोकळी आणि जलद असणे अत्यावश्यक ठरते. या बदलाचे मूल्यमापन आकारलेल्या दंडाच्या रकमेवरून करणे अपुरे आहे. किती प्रकरणे दाखल झाली, किती किती दिवसांत निकाली निघाली, प्रत्यक्ष वसुली किती झाली आणि तीच नौका पुन्हा सापडली का, हे दुरुस्तीपूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहावे लागते, आणि रापणीला मिळणाऱ्या मासळीची नोंदही त्यात धरावी लागते. जानेवारी 2025 पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू केल्याने नौका कोठे होती याचा पुरावा मिळवणे सोपे झाले आहे, त्यामुळे आता विलंबाचे कारण चौकशी आणि वसुली या दोन टप्प्यांतच प्रामुख्याने शोधावे लागेल.