स्थूलता शस्त्रक्रिया : दुर्बिणीतून की पोट उघडून

जठराचा आकार घटवून किंवा आतड्याचा मार्ग वळवून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया दोन्ही रीतींनी होते. आतले काम तेच. फरक आत शिरण्याच्या वाटेचा. दुर्बिणीच्या रीतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून 5 ते 12 मिलिमीटरच्या छिद्रांतून हत्यारे घालतात. अमेरिकेतील 155 रुग्णांच्या तुलनेत (2001) वर्षअखेरीस वजनातील घट जवळपास सारखीच आढळली. जखम चिघळणे व टाक्यांच्या जागी हर्निया होणे मात्र उघड्या रीतीत अधिक होते. चरबीच्या जाड थरातली लांब जखम सावकाश भरते, हे त्यामागचे कारण.

अतिस्थूल रुग्णाला दुर्बीण चालत नाही, हा आक्षेप टिकत नाही: 2017 मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात सुमारे 500 किलो वजन सांगितलेल्या इजिप्शियन महिलेवर दुर्बिणीतूनच शस्त्रक्रिया झाली. जुन्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटलेली असणे किंवा रक्तस्राव न आवरणे, हा आक्षेप खरा. तेव्हा पोट उघडणे हे अपयश नव्हे, शहाणपण होय. म्हणून रुग्णाने छिद्रे किती हे विचारण्याआधी शल्यविशारदाचा अनुभव आणि अतिदक्षता विभागाची सोय विचारावी.