मॉन्ट्रियलची घंटा

नव्वदच्या दशकात इंदूरच्या आमच्या घरी केबल आली आणि तिच्यामागोमाग अमेरिकन कुस्ती आली. शाळेत आम्ही तिचे पत्ते खेळायचो. एका पत्त्यावर एक पहिलवान, खाली त्याची उंची, वजन, छाती, दंड आणि रँक. ज्याच्या हाती अंडरटेकर तो मधल्या सुट्टीचा राजा. १९९६ साली ‘खिलाडियों का खिलाडी’ आला आणि अक्षय कुमारने अंडरटेकरला उचलून आपटलं, तेव्हा आमच्या वर्गात दोन तट पडले. पडद्यावरचा तो माणूस अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पहिलवान होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. गंमत म्हणजे याच ब्रायन लीने १९९४ साली खुद्द अमेरिकेत, डब्ल्यूडब्ल्यूएफच्याच रिंगमध्ये, ‘तोतया अंडरटेकर’ म्हणून खऱ्या अंडरटेकरशी कुस्ती केली होती. खरा म्हणजे तरी कोण, म्हणा. मार्क कॅलवे नावाच्या गृहस्थाने घेतलेलं तेही एक सोंगच.

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातून मामा यायचे. तरुणपणी तालमीत राहिलेले, जत्रेतल्या मैदानांत लढलेले, दोन्ही कान मातीत चुरगळून गेलेले. त्यांनी पाच मिनिटं टीव्ही पाहिला आणि निकाल दिला, “नुरा हाय ही.” नुरा कुस्ती म्हणजे दोघांनी आधी ठरवून केलेली. पंजाबपासून कोल्हापूरपर्यंत हा शब्द कळतो; हल्ली तो पुढाऱ्यांच्या भांडणांसाठीच जास्त वापरला जातो. मी चिडून भांडलो. रक्त दाखवलं. मामा म्हणाले, “रगात खरं असंल लेका, पण कुस्ती नुराच.” दारासिंगचं नाव निघालं की मात्र हेच मामा हात जोडत. दारासिंग-किंगकाँगच्या जोडीही याच व्यावसायिक रिंगमधल्या होत्या, हे त्यांना सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

मामांचं म्हणणं बरोबरच होतं. पण त्या निकालाने विषय संपतो, असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आज तर अजिबात वाटत नाही. निकाल ठरलेला असेल, तर तो ठरवतो कोण? आणि ठरलेलं एखाद्याने मोडलं तर? या धंद्याचा खरा इतिहास या दोन प्रश्नांत आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या गामा पहिलवानापर्यंत येतो.

१९१० साली गामा लंडनला गेला. तिथे त्याची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. झिबिस्कोने गामाचं पाणी पहिल्या काही मिनिटांतच ओळखलं आणि तो सरळ पोटावर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ! गामा त्याला उलटवू शकला नाही, झिबिस्को उठायला तयार नव्हता. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तिला झिबिस्को फिरकलाच नाही. ही अस्सल कुस्ती होती, कुणी काही ठरवलेलं नव्हतं, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाने अडीच तास पाहिलं काय, तर एका पालथ्या माणसाची पाठ. अमेरिकेतल्या कुस्तीच्या ठेकेदारांचं दुखणं हेच होतं. १९२०च्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी त्यावर इलाज काढला: कुस्तीला वेग द्यायचा, उड्या-आपटाआपटी आणायची, पहिलवानांचा संच घेऊन गावोगाव फिरायचं, आणि निकाल आपण ठरवायचा. संगीत नाटक कंपन्यांचे दौरे जसे निघत, तसाच हा प्रकार.

या तिघांनी १९२५च्या जानेवारीत वेन मन नावाच्या धिप्पाड फुटबॉल खेळाडूला जगज्जेता केलं. लुईस त्याच्याकडून ठरल्याप्रमाणे हरला. मनला कुस्ती फारशी येत नव्हती, पण देखणा होता, गर्दी खेचत होता. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याची कुस्ती लावली ती एका उतारवयाच्या, भरवशाच्या माणसाशी. तो माणूस होता झिबिस्को. त्याने पडायचं ठरलं होतं. तो पडला नाही. विरुद्ध गटाशी त्याने आधीच संधान बांधलं होतं. त्याने मनला खरोखरची कुस्ती करून पुन्हा पुन्हा चीत केलं आणि पट्टा घेऊन गेला. लंडनमध्ये गामाखाली पालथा पडलेला तोच हा पहिलवान! (तीन वर्षांनी, १९२८ साली, पतियाळात गामाने त्याला एका मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं, ते वेगळं.)

धंद्याने यातून धडा घेतला. पट्टा अशाच माणसाच्या कमरेला बांधायचा, ज्याला वेळ पडली तर खरी कुस्ती करता येते. पुढे लू थेझ कित्येक वर्षं विजेता राहिला तो या कारणाने. निकाल ठरलेला, पण समोरच्याने दगा दिलाच, तर त्याचा हात पिरगळून त्याला ठरल्या जागी आणून बसवायची ताकद थेझमध्ये होती. नुरा कुस्तीच्या राखणीला असा एक अस्सल मल्ल बसवलेला होता. मामांना मी हे सांगितलं असतं, तर पटलं असतं असं वाटतं.

या साऱ्या गुप्ततेला त्या धंद्याची एक बोली आहे, तिच्यात म्हणतात ‘केफेब’. वैरी म्हणून लढणाऱ्या दोघांनी बाहेरही एका गाडीतून फिरायचं नाही, हॉटेलात एका टेबलावर बसायचं नाही. हा पडदा १९८९ साली मालकांनीच फाडला. न्यू जर्सी राज्यात खेळांवर सरकारी नियंत्रण आणि कर होता. त्यातून सुटण्यासाठी व्हिन्स मॅकमॅहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने सांगून टाकलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. पहिलवानांनी ज्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तोंडं शिवून घेतली होती, ते मालकाने कर वाचवण्यासाठी एका कागदावर दिलं. डॉक्टरी तपासण्यांची सरकारी बंधनंही त्याबरोबर सैल झाली.

आता ब्रेट हार्ट. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना वाचकाला माझा कल ठाऊक असेल: गेल्या पन्नास वर्षांत ब्रेटइतका चांगला कारागीर या रिंगमध्ये झाला नाही. हल्क होगन मोठा तारा होता, पण त्याला चारच गोष्टी येत. १९८७ साली त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं त्या दिवशीचा ९३,१७३ प्रेक्षकांचा आकडासुद्धा इतिहासकारांना मान्य नाही. होगनच्या भोवती सगळंच थोडं फुगवलेलं. ब्रेट कॅल्गरीचा. बाप स्टू हार्ट, बारा भावंडं, आणि घराच्या तळघरात बापाची तालीम, तिला नावच ‘डंजन’. तळघरातून येणाऱ्या पहिलवानांच्या किंकाळ्या ऐकत ही मुलं वाढली. ब्रेटला अभिमान होता तो एका गोष्टीचा: आपण कुणाही प्रतिस्पर्ध्याला कधी गंभीर दुखापत केली नाही. ठरवलेल्या कुस्तीतलं कौशल्य नेमकं हेच असतं. समोरच्याने आपलं शरीर तुमच्या हवाली केलेलं असतं. त्याला डोक्यावरून फेकायचं, आणि सुखरूप उतरवायचं.

मार्च १९९७ची स्टीव्ह ऑस्टिनशी झालेली त्याची कुस्ती मी आजवर किती वेळा पाहिली असेल, मोजदाद नाही. ऑस्टिनचा चेहरा रक्ताने माखलेला, ब्रेटच्या शार्पशूटर पेचात पाय अडकलेले, पण शरण न जाता तो शुद्ध हरपून पडतो. कुस्ती सुरू झाली तेव्हा ब्रेट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. संपली तेव्हा शिकागोच्या त्याच प्रेक्षकांनी दोघांची अदलाबदल केलेली होती. कुणी भाषण केलं नाही, काही नाही. वीसेक मिनिटांत हजारो माणसांची मनं अशी फिरवणं मी रंगभूमीवरही फार कमी पाहिलं आहे.

१९९६ साली ब्रेटने व्हिन्सशी वीस वर्षांचा करार केला होता. वर्षभरात व्हिन्सने सांगितलं, मला हा परवडत नाही, तू टेड टर्नरच्या डब्ल्यूसीडब्ल्यूकडे जा. पण ब्रेटकडे पट्टा होता. तो कुणाकडून तरी हरून जाणं भाग होतं. व्हिन्सला तो शॉन मायकल्सकडून, तोही कॅनडात, हरायला हवा होता. दोघांचं प्रत्यक्षातही पटत नव्हतं. ब्रेट म्हणाला, दुसऱ्या कुणाकडूनही हरतो, नंतर हरतो, पण माझ्या देशात या माणसाकडून नाही. शेवटच्या महिनाभरात आपल्या भूमिकेवर त्याचा अधिकार राहील, असं करारात लिहिलेलंही होतं. शेवटी ठरलं की कुस्ती गोंधळात, निकालाविना सुटेल आणि ब्रेट नंतर पट्टा परत करेल.

९ नोव्हेंबर १९९७, मॉन्ट्रियल. कुस्तीत एका जागी शॉनने ब्रेटलाच शार्पशूटर घालायचा आणि ब्रेटने तो उलटवायचा, असं ठरलेलं. ब्रेटने विश्वासाने पाय त्याच्या हातात दिले. शॉनने पेच घातला आणि त्या क्षणी, रिंगच्या कडेला उभ्या असलेल्या व्हिन्सने घंटा वाजवायला फर्मावलं. पंच अर्ल हेब्नरने इशारा केला, ब्रेट शरण आल्याचा. तो आलेला नव्हता. हेब्नरने दगा न देण्याचा शब्द ब्रेटला दिला होता. तो रिंगमधून जो पळाला तो बाहेर तयार असलेल्या गाडीपर्यंत. ब्रेट उठला, व्हिन्सच्या तोंडावर थुंकला, बोटाने हवेत नव्या कंपनीची अक्षरं काढली, यंत्रं फोडली. नंतर आत जाऊन त्याने मालकाला एक ठोसा मारला. त्या दिवसाबद्दलचं सारं काही ठरवून केलेलं होतं असं मानणारे चाहते अजून आहेत. मी त्यांच्यातला नाही. पॉल जे नावाचा माहितीपटकार त्याच काळात ब्रेटबरोबर फिरत होता, आणि आदल्या चर्चेतलं व्हिन्सचं आश्वासन ध्वनिमुद्रित झालेलं आहे.

शॉनने त्या रात्री शपथेवर सांगितलं, मला काही माहीत नव्हतं. काही वर्षांनी कबूल केलं, माहीत होतं.

बारा वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९८५मध्ये, हेच वेंडी रिश्टरच्या बाबतीत घडलं होतं. करारावरून वाद, बुरखाधारी प्रतिस्पर्धी, खांदे उचललेले असतानाही पंचाने पूर्ण केलेली मोजणी, आणि पट्टा गेला. ती सरळ विमानतळावर गेली. तिच्यावर कुणी माहितीपट काढला नाही. चाहत्यांच्या स्मरणात मॉन्ट्रियल ‘पहिला’ दगा ठरला, यात आम्हा चाहत्यांचंही काही चुकतं.

फिलाडेल्फियात दगा पहिलवानाने मालकांना दिला होता, तोही अंगच्या विद्येच्या जोरावर. न्यूयॉर्कमध्ये आणि मॉन्ट्रियलमध्ये मालकाने पहिलवानाला दिला, आणि त्याला कुस्ती यायची गरजच नव्हती. घंटा त्याची, पंच त्याच्या पगाराचा, कॅमेरा त्याचा. थेझसारख्यांना पाळायचे दिवस संपले होते. व्हिन्सने तर त्या प्रसंगातून ‘मिस्टर मॅकमॅहन’ नावाचा दुष्ट मालक घडवला आणि स्वतःच ती भूमिका करून, ऑस्टिनच्या हातून मार खाऊन, कंपनी अफाट श्रीमंत केली. १९८६च्या सुमारास जेसी व्हेंचुराने पहिलवानांची संघटना बांधायचा प्रयत्न केला होता. ती बातमी मालकाला कुणी पोचवली, हे पुढे कोर्टातल्या जबानीत उघड झालं: हल्क होगनने. हे पहिलवान कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’. कुठे लढायचं, कोणाशी, जिंकायचं की हरायचं, सगळं कंपनी सांगणार, पण नोकर मात्र नाहीत. नुरा म्हणायचं तर मी याला म्हणेन.

ब्रेट गेला, त्याचा धाकटा भाऊ ओवेन मागे राहिला. २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत ओवेनला ‘ब्लू ब्लेझर’ नावाच्या विनोदी वीराच्या वेषात छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरायचं होतं. अडकवण सुटली. सत्तर फुटांहून जास्त उंचीवरून तो पडला. समालोचक जिम रॉस प्रेक्षकांना कळवळून सांगत होता की हा कार्यक्रमाचा भाग नाही. दहा वर्षांपूर्वी सगळंच करमणूक म्हणून जाहीर झालेलं, त्यामुळे तसं सांगणं भागच होतं. ओवेनला नेल्यावर पुढच्या कुस्त्या लागल्या. त्याचा मृत्यू जाहीर झाल्यावरही लागत राहिल्या. तो ३४ वर्षांचा होता.

त्या उन्हाळ्यात मामा आमच्याकडेच होते. मी त्यांना ती बातमी वाचून दाखवली. मनात म्हटलं, आता विचारतील, हेही ठरलेलंच का? त्यांनी तसं काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “बायकापोरं असतील न्हवं? कंपनीनं काय दिलं त्यास्नी?” त्यांच्या तालमीतले किती तरी गडी म्हातारपणी सरकारी मानधनाच्या चिठ्ठीची वाट बघत बसलेले त्यांनी पाहिले होते.

मला सांगता आलं नाही. ओवेनच्या बायकोने, मार्थाने, दावा लावला आणि २००० साली सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलरवर तडजोड झाली, हे मी पुढे वाचलं. कंपनीच्या मानकऱ्यांच्या यादीत ओवेनचं नाव घालायला ती अजून परवानगी देत नाही. २०१० साली ब्रेट परत आला, त्याने शॉनशी हात मिळवला, दोघं गळ्यात पडले, आणि इतक्या वर्षांनी मलाही रडू आलं. पण तोवर मामा गेले होते, आणि त्यांचा प्रश्न शॉनबद्दल नव्हताच.