झाडलेल्या पुंगळीची कुळकथा

गोळी सुटली की मागे उरते ती पितळी पुंगळी. आपल्याकडे ती पंचनाम्यात जाते. अमेरिकेतला शिकारी ती उचलून खिशात टाकतो, कारण काडतुसातला पुन्हा वापरता येणारा भाग तेवढाच. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना काडतूस बनवणं हा गुन्हा, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरण्याचा घरगुती उद्योग इथे रुजला नाही.

बार उडाला की पुंगळी फुगते, मग थोडी आकसते, पण मूळ मापावर येत नाही. तिला पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून मापात आणायचं, हे रिसायझिंग. त्याचं मूळ कारखान्यात आहे. 1866 च्या सुमारास इंग्लंडातल्या वुलिचच्या शस्त्रशाळेत एडवर्ड बॉक्सर यांनी केलेली पुंगळी म्हणजे पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती. ब्रिटिश फौजेची मार्टिनी-हेन्री रायफल तापली की ती आत अडकायची, फाटायची. 1885 च्या सुदान मोहिमेत हे फार भोवलं आणि ब्रिटिशांनी अखंड ओढीव पुंगळीची वाट धरली. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त यांच्या पितळेची चकती, चकतीची वाटी, वाटीची नळी. ओढताना वंगण, मधूनमधून भट्टीचा ताव. घरात प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, चालतं ती याच ओढकामाची धाकटी पाती.

बॉक्सर यांची गुंडाळी गेली, पण त्यांचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी तळाची टोपी, मात्र टिकला. या प्रायमरच्या पुंगळीला तळाशी मधोमध एकच भोक असतं, म्हणून डायमधली सुई जुना प्रायमर सहज बाहेर ढकलते. अमेरिकी हायरम बर्डन यांच्या रचनेत दोन बारीक भोकं, तीही मध्य सोडून. गंमत अशी, की इंग्रजाची रचना अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने.

1870 च्या दशकात अमेरिकेतले बायसनचे शिकारी मैदानातच काळी दारू भरून पुंगळ्या पुन्हा वापरत. धूरविरहित दारू आली, दाब वाढला, बाटलीसारखा खांदा असलेल्या पुंगळ्या सर्रास झाल्या आणि पुंगळी भरायच्या हातातल्या चिमट्याचं बळ अपुरं पडू लागलं. मग टेबलावरचे प्रेस आले. 1943 मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी सुरू केलेली आरसीबीएस त्यातलं मोठं नाव.

काडतूस आणि चरबी म्हटलं की आपल्याला 1857 चा उठाव आठवतो. ती चरबी कागदी काडतुसाची. रिसायझिंगमध्ये वंगण रिकाम्या पितळेला, बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन. खरं कसब त्याच्या मापात आहे. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते, की प्रेसची दांडी ओढताना तिची कडच उपटून येते. मग बुडाला भोक पाडून, आटे कापून, बोल्टने ती खेचायची. जास्त झालं तर कोंडलेलं तेल दबत नाही, खांद्यावर पोचे पडतात. म्हणून बोटाला लागेल इतकंच, आणि खांदा कोरडा.

पण वारंवार दाबलेलं पितळ कडक होतं आणि खांद्यावरची मान चिरते. तांबट ठोके देता देता भांडं पुन्हा तापवतो, तोच उपाय इथे. या चिरांचा जुना धडा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेने घेतला: पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं न वापरताच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढकामात पितळेत उरलेला ताण, या दोहोंचा तो उद्योग, हा उलगडा 1921 मध्ये झाला. आजही लष्करी काडतुसाच्या मानेवर तावाची निळसर छटा दिसते. शिकारी काडतुसांवरची बहुतेक कारखानदार घासून काढतात.