तंबुऱ्यापासून गिटारपर्यंत : माळव्यातल्या मंडळ्यांची गोष्ट

देवासच्या गाण्याचा इतिहास सांगायला बसले की आपल्याकडे तो दरबारापासून सुरू होतो. उस्ताद रजब अली खाँ (१८७४–१९५९), ज्यांच्याकडे लताबाईंनी काही काळ तालीम घेतली ते अमानत खाँ देवासवाले, आणि मग १९४८ पासून कुमारजी. हा इतिहास खरा आहे आणि त्याचा अभिमान आपल्या घराघरांत आहे. पण अलीकडे आपली नातवंडे एक वेगळाच प्रश्न विचारू लागली आहेत. पुण्या-बंगळुरूहून सुट्टीवर आलेली ही मुले कानात कबीर ऐकत असतात, तेही बास गिटार आणि ड्रमच्या ठेक्यावर, आणि विचारतात, ‘आजोबा, हे गाणे म्हणे आपल्या इकडचे आहे. तुम्ही कुठे ऐकलेय?’

याचे उत्तर द्यायचे तर दरबाराचा रस्ता सोडून टेकडीच्या पायथ्याशी, गावकुसाकडे आणि पार नर्मदेकाठापर्यंत जावे लागते.

मुले ज्याला ‘इंडिपेंडंट बँड’ म्हणतात त्याची व्याख्या सोपी आहे. चार-पाच जण एकत्र येतात, सिनेमाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय स्वतःचे गाणे बसवतात आणि समोर बसलेल्या माणसांपुढे ते वाजवतात. माळव्यात हे अनेक पिढ्यांपासून चालत आले आहे. इथे त्याला ‘मंडळी’ म्हणतात. एक जण पाच तारांचा तंबुरा घेऊन पुढे बसतो. एका हाताने तारा छेडायच्या, दुसऱ्या हाताच्या बोटांत करताल वाजवायचा आणि गायचे, ही तिन्ही कामे एकाच माणसाची. शेजारी ढोलक, मंजिरा, अलीकडे हार्मोनियम आणि व्हायोलिनसुद्धा. आधी साखी म्हणजे दोहा, मग भजन, मध्ये थांबून अर्थ सांगणे, मग पुन्हा टेक. दिवसा शेतावर, मजुरीवर किंवा शाळेत नोकरी, आणि रात्री गाणे. बिदागी मिळाली तर मिळाली. कबीर, गोरखनाथ, मीरा यांच्या नावावरची भजने एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि जाताना बदलतात. कुठल्या गावात कोण चांगले गातो हे ज्याला ऐकायचे असते त्याला बरोबर माहीत असते.

आपली घरे माळव्यात आली ती पवारांबरोबर, अठराव्या शतकात. धारला एक गादी, देवासला दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. देवासात तर एका रस्त्याची एक बाजू एका संस्थानाची आणि दुसरी दुसऱ्याची, अशा गमती जुनी माणसे अजून सांगतात. गाण्याची मात्र वाटणी वेगळी होती. वाड्यात आणि दिवाणखान्यात ख्याल, नाट्यपद, कीर्तन. बाहेर रस्त्यावर तंबुरेवाला, नाथपंथी जोगी, चक्कीवर आणि लग्नात गाणाऱ्या बाया. दोन्ही गाणी एकमेकांना ऐकू जात, पण एका बैठकीवर बसत नसत.

ही वाटणी पुसट होण्याचे एक ठिकाण होते, ते म्हणजे उत्सव. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव (तिसरे) यांचे खासगी सचिव म्हणून देवासला राहिले. गोकुळाष्टमीचा सोहळा, तो गोंधळ आणि खुद्द महाराजांचे भजनात रंगून जाणे त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांत लिहिले. ती पत्रे पुढे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. त्याआधी १९२४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात तोच उत्सव त्यांनी मऊ नावाच्या संस्थानात बसवला. तिथे एकीकडे गायकवृंद तुकारामांचे नाव घेत आहे आणि दुसरीकडे विलायती धर्तीचा बँड वाजतो आहे. इंग्रजीतल्या एका नावाजलेल्या कादंबरीत तुकोबा पोचले ते देवासमार्गे, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. इथे नोंद घ्यायची ती एवढीच की विलायती बँड आणि भजन एकाच अंगणात वाजण्याचे देवासला शंभर वर्षांपासून वावडे नाही.

कुमारजींची कथा आपल्याला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, वय तेवीस, क्षयाने आजारी, कोरडी हवा हवी म्हणून देवासला आले. गायला बंदी. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नवे होते, त्याने आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने ते उठले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. या काळात त्यांनी काय केले, तर ऐकले. अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायांची गाणी, भिक्षेकरी जोग्यांची भजने. त्यांतल्या चार-पाच स्वरांच्या धुनांतून पुढे मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे ‘धुनउगम’ राग निघाले. ‘अनूपरागविलास’ १९६५ साली आला, माळव्याच्या लोकगीतांचे स्वतंत्र कार्यक्रम झाले आणि निर्गुणी भजने तर देशभर गेली. इंदूरहून ‘नई दुनिया’चे राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर ‘गुरुजी’ अशी मंडळी येत-जात आणि घरात चर्चा रंगत.

आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जे गाणे आपल्या अंगणाबाहेरून शतकभर जात होते ते दिवाणखान्यात आणले कर्नाटकातून आलेल्या एका आजारी माणसाने. आणि आणले ते त्याच्या गळ्यातून, म्हणजे मैफलीच्या भाषेत. श्रोत्यांनी कुमारजींचा कबीर डोक्यावर घेतला. ज्याच्याकडून तो आला होता तो तंबुरेवाला होता तिथेच राहिला. यात कुमारजींचा काहीच उणेपणा नाही. ते स्वतः ऋण बोलून दाखवणारे होते. पण सभागृहाचे दार जसे कलावंताला उघडते तसे त्याच्या उगमाला उघडत नाही, आणि का उघडत नाही याला जातीशिवाय दुसरे नाव देणे कठीण आहे. माळव्यातल्या या भजनमंडळ्या मोठ्या संख्येने दलित वस्त्यांमधल्या, विशेषतः बलाई समाजातल्या आहेत.

तिथला पुढचा टप्पा आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरचा आहे, तरी त्याची नोंद आपल्या स्मरणिकांत झालेली दिसत नाही. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या ‘एकलव्य’ या संस्थेचे देवासला केंद्र आहे. तिथे १९९१ मध्ये ‘कबीर भजन एवं विचार मंच’ सुरू झाला. दर महिन्याच्या २ तारखेला गावोगावच्या मंडळ्या येत, रात्रभर गात आणि गाण्याच्या मध्ये बोलत. कबीर जातीबद्दल काय म्हणतो, मग आपल्या गावच्या विहिरीवर काय चालते? गुरूला नारळ द्यायचा की गुरूलाही प्रश्न विचारायचा? १९९२ नंतरच्या तापलेल्या दिवसांतही हे बोलणे चालू राहिले. मंच १९९८ पर्यंत चालला. भजन म्हणजे रात्र जागवण्याचे निमित्त असे मानणाऱ्यांना त्या रात्री अवघड गेल्या असतील, कारण तिथे गायकालाच उभे करून अर्थ विचारत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लिंडा हेस यांनी या मंचाविषयी आणि माळव्याच्या गायकांविषयी ‘बॉडीज ऑफ साँग’ (२०१५) या ग्रंथात विस्ताराने लिहिले आहे.

या वर्तुळातले सर्वांत ठळक नाव प्रह्लादसिंह टिपानिया. जन्म १९५४, गाव लुनियाखेडी, मक्सीजवळ, देवासहून तासाभराच्या अंतरावर. पेशाने सरकारी शिक्षक. त्यांना आधी ओढ लागली ती तंबुऱ्याच्या आवाजाची. कबीर मागाहून आला. पुढे कॅसेटच्या जमान्यात त्यांचा आवाज माळव्यातल्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत पोचला. बंगळुरूच्या शबनम वीरमानी यांनी २००८ च्या सुमारास कबीरावर जे चार माहितीपट केले त्यांतला ‘चलो हमारा देस’ टिपानियाजी आणि लिंडा हेस यांच्यावर आहे आणि ‘कोई सुनता है’ कुमारजींवर. २०११ मध्ये टिपानियाजींना पद्मश्री मिळाली. देवास जिल्ह्यातले कालूराम बामनिया यांना ती २०२४ मध्ये, महूकडचे भेरूसिंह चौहान यांना २०२५ मध्ये. आपल्या परिसरातल्या निर्गुणी गायकांना चौदा वर्षांत तीन पद्मश्री! एखाद्या घराण्याला एवढ्या मिळाल्या असत्या तर आपण चौकात कमान उभारली असती.

आता नातवंडांच्या प्रश्नाकडे. टिपानियाजींची गाणी ऐकून ज्यांना वेड लागले त्यांत नीरज आर्य हा तरुण होता. त्याने मुंबईत २०१३ साली ‘कबीर कॅफे’ हा बँड काढला. गिटार आणि गळा त्याचा, जोडीला व्हायोलिन, मँडोलिन, बास आणि तालवाद्ये. २०१६ मध्ये ‘पंचरंग’ हा संच आला. बँडमधली माणसे वेगवेगळ्या प्रांतांतली, पण चालींचा मोठा भाग आपल्या इकडच्या मंडळ्यांचा, आणि नीरज मंचावरून टिपानियाजींना गुरू म्हणतो. म्हणजे नातवंडे फोनवर जे ऐकतात त्याचा उगम घरापासून तासाभरावर आहे. आमच्यापैकी काहींनी हे प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले, आणि त्यात वाईट काही नाही. पाणी उलटे वाहत आले तरी शेताला लागते.

धारकरांना मात्र याहून जुना दाखला देता येईल. धार जिल्ह्याची दक्षिण सीमा म्हणजे नर्मदा. परिक्रमेला गेलेल्या आपल्या घरच्या माणसांना, किंवा जगन्नाथ कुंट्यांचे ‘नर्मदे हर हर’ वाचलेल्यांना, चिखलदा, निसरपूर, धरमपुरी ही नावे परकी नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याविरुद्ध या खोऱ्यात नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले. नव्वदीच्या पहिल्या वर्षांत त्यात कार्यकर्ता म्हणून राहिलेला एक तरुण म्हणजे राहुल राम. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट आणि हातात बास गिटार. तोच दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या रॉक बँडमध्ये वाजवत होता. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड सुरू केला होता. सिनेमात न गाणारा, कुणाची नक्कल न करणारा बँड म्हणजे कंपन्यांच्या लेखी तोट्याचा माल. त्यांचा १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ हा संच एका प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणावरच निघाला. २००० साली आलेल्या ‘कंदिसा’ने त्यांना देशभर ओळख दिली आणि त्यात ‘मा रेवा’ होते. खोऱ्यात गायले जाणारे, नदीला आई म्हणणारे हे गाणे राहुल रामने आंदोलनात उचलले आणि महाविद्यालयांच्या मैदानांवर हजारो मुलांनी ते बँडबरोबर म्हटले. बहुतेकांना रेवा म्हणजे कोणती नदी हेही तेव्हा माहीत नसावे.

आणि चिखलदा २०१९ मध्ये पाण्याखाली गेले. ज्या काठाने गाणे दिले तो काठ गेला आणि गाणे दिल्ली-मुंबईत वाजत राहिले. या गोष्टीत आम्हाला समाधान मानता येत नाही. रॉक बँडने गाणे वाचवले असे म्हणायची आता रीत पडली आहे. गाणे वाचले हे खरे, पण ते गाणाऱ्या घरांचे काय झाले हे गाण्यातून कळत नाही.

मूळ आणि नवे यांतल्या फरकाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. बँडचे भजन पाच-सहा मिनिटांत संपते, कडवी निवडलेली असतात, टाळी कुठे पडणार ते ठरलेले असते. मंडळीचे भजन लांबते. मध्येच टिपानियाजींसारखा गायक तंबुरा मांडीवर ठेवून शाळामास्तरच्या सुरात विचारतो, ‘समजले का?’, आणि समोरच्याला उत्तर द्यावे लागते. गिटारच्या सुरावटीत ही विचारणा विरघळून जाते. उलट, ज्या मुलाने वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकही भजन शेवटपर्यंत ऐकले नव्हते ते बासच्या ठेक्यामुळे ऐकते आणि मग मूळ शोधत येते, हेही आम्ही पाहतो आहोत. तेव्हा ‘बाटवले’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांशी आमचा वाद आहे. कुमारजी गायला लागले तेव्हाही असे म्हणणारे होतेच.

आपल्या उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका काढून पाहिल्या तर नाट्यसंगीत, भावगीते, हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, बालगोपाळांचे नाच, असा क्रम वर्षानुवर्षे दिसतो. पुण्या-मुंबईच्या कलाकारांना प्रवासखर्च, मुक्काम आणि मानधन दिले जाते, आणि ते योग्यच आहे. मंडळीला बोलावले तर बहुधा आरतीनंतरची वेळ, शाल आणि श्रीफळ. यंदापासून कार्यक्रम समितीने एक रात्र मंडळ्यांसाठी ठेवावी, मानधन आधी ठरवावे आणि गायकाचे नाव पत्रिकेत वाद्यवृंदासह छापावे, अशी आमची सूचना आहे. ढोलकवाल्याचेही नाव छापावे. बँडवाले आपल्या ड्रमरचे छापतात.

आणि ज्यांना थांबायचे नाही त्यांनी जायचे कुठे? तिकीट नाही, क्लब नाही, जाहिरात नाही. टोंकखुर्द, मक्सी, तराना या बाजूच्या गावांत विचारावे. हिवाळ्यात कुठे ना कुठे जागरण असतेच, आणि लुनियाखेडीला कबीर महोत्सव भरतो. रात्री दहाला मंडळी जमते, अकरापर्यंत तंबुरे जुळत असतात, खरे गाणे बारानंतर. बरोबर शाल आणि चहाचा थर्मास घ्यावा, आणि नातवंडांना मागच्या नव्हे, पुढच्या सतरंजीवर बसवावे, कारण गायक अर्थ विचारतो तो पुढच्यांनाच.