मृगापूर्वीचे पंधरा दिवस

वैशाख संपत येतो, मृग नक्षत्राला पंधराएक दिवस उरतात, आणि गोमंतकातील प्रत्येक जुन्या घरात एक विशिष्ट लगबग सुरू होते. तिला 'पुरूमेंत' असे नाव आहे. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आलेला. अर्थ पावसाळ्याची बेगमी. सोलां वाळतात, आंब्याची साठे उन्हात पसरली जातात, मिठाची व मिरच्यांची भांडी भरतात. परंतु ही बेगमी केवळ खाण्याच्या जिनसांची नसते. याच दिवसांत जुनी लुगडी बाहेर निघतात आणि त्यांची वाकळ शिवावयास स्त्रिया बसतात. याच दिवसांत माळ्यावरची पोथी उन्हाला दाखवून पुन्हा बासनात बांधली जाते, कारण श्रावणात तिचे वाचन व्हावयाचे असते. उन्हाळ्याच्या अखेरीची ही तीन सुखे: फळ, पांघरूण आणि ग्रंथ. या तिहींचा इतिहास मात्र सारख्या हातांनी लिहिलेला नाही.

हा विचार मला प्रथम सुचला तो वकिलीच्या कामात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यास लागू झाली आणि तिच्याबरोबर वारसांच्या वाटणीसाठी 'इन्व्हेंतार' करण्याची रीत आमच्या घराघरांत रुजली. २०१२ च्या गोव्याच्या कायद्याने तो भाग नव्याने बांधला, परंतु यादी करण्याची मूळ कल्पना तीच राहिली. मी पाहिलेल्या जुन्या याद्यांत सोने आहे, तांब्याचे हंडे आहेत, आणि कलमी आंब्याची झाडे एकेक मोजलेली आहेत. वाकळ मला एकाही यादीत आढळली नाही. पोथीही क्वचितच आढळली, आणि आढळली तेव्हा 'जुने कागद' या सदराखाली.

आंब्याचे भाग्य थोर म्हणावयाचे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी-संवादांत आंब्याला स्वतंत्र संवाद दिला. त्या संवादात सेवक वर्दी देतो की मुंबईचे कूळ आले आहे आणि त्याने आंब्यांची करंडी आणली आहे. मुंबईचे बेट ओर्ताकडे खंडाने होते. तेव्हा ही करंडी म्हणजे जमीनदारास कुळाने आणलेली भेटच. त्याच संवादात तो वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या एका झाडाची बढाई मारतो, आणि वाचकास ती बढाई आवडते. या गृहस्थाचा शेवट मात्र विसरण्याजोगा नाही. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीस इन्क्विझिशनने यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळले, आणि १५८० मध्ये त्याच्या स्वतःच्या अस्थी उकरून जाळल्या. आमच्या देवळांवर जी आपत्ती आली ती केवळ आमच्यावरच आली, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य ध्यानात घ्यावे.

सतराव्या शतकात निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने गोव्याचे आंबे सर्वोत्तम ठरवून त्यांच्या जातींची नावेच दिली आहेत. त्यांत 'निकुलाव आफोंसो' हे नाव आहे. आपला हापूस आफोंसो द आल्बुकेर्क या सेनापतीच्या नावाने ओळखला जातो, असे सर्वत्र सांगतात. परंतु पुराव्याच्या दृष्टीने पाहता मला मनुचीची साक्ष अधिक सबळ वाटते. ज्याच्या कुळागरात ते कलम प्रथम फळले असेल, असा हा कोणी साधा निकुलाव असावा. सेनापतीस श्रेय देण्याची आपल्याला हौस असते! मानकुराद हे नाव तर त्याहून गमतीचे. मूळ पोर्तुगीज 'मालकोराद', म्हणजे रंगाने वाईट. फळाच्या सालीवर डाग असत म्हणून हे नाव पडले. गोंयकाराने जीभ वळवून त्यात 'मान' घातला, आणि तो न्याय्यच झाला.

वाकळीची साक्ष याहून फार तुटपुंजी आहे. यान ह्यूखेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये आर्चबिशपाचा चिटणीस म्हणून गोव्यास आला. त्याच्या १५९६ च्या प्रवासग्रंथात खंबायतच्या मालाचे वर्णन करताना रेशमाने व सुताने टाचलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख येतो, आणि त्यांना तो 'गोदोरीन' म्हणतो. हा आपलाच 'गोदडी' शब्द, हे वाचकांस सांगावयास नको. ती पांघरुणे श्रीमंतांची होती; तशांपैकी काही, बंगालात भरतकाम केलेली, आज लिस्बनच्या संग्रहालयात आहेत. आजीच्या लुगड्यावर धावदोरा घालून केलेल्या वाकळीस संग्रहालय कोठून मिळणार? ती वापरून संपते, हाच तिचा धर्म.

तरी एका ठिकाणी या कलेने मोठी साक्ष जपून ठेवली आहे. उत्तर कन्नडच्या यल्लापूर व हल्याळ भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते, आणि त्यांतले काही घाट चढून रानात निसटले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कापडांची 'कवंदी' शिवतात. काठापासून आरंभ करून टाके आत मध्याकडे नेतात आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे 'फूल' बसवितात. फुलांवाचून कवंदी उघडी समजतात. ज्यांना एके काळी गोव्याच्या घरांतून मालमत्ता म्हणून मोजले गेले, त्यांच्या हातची वस्तू मात्र कोणत्याही यादीत न येता टिकली.

आता पोथी. केळशीच्या कृष्णदास शामाने शके १४४८ मध्ये, म्हणजे १५२६ च्या वैशाखात, 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचावयास घेतली. भागवताच्या दशमस्कंधावर आधारलेले हे मराठी ओवीबद्ध काव्य. महिना पाहा! बाहेर आंबे पिकत असतील आणि कवी पहिली ओवी लिहीत असेल. पुढे चाळीसएक वर्षांत साष्टीतील देवळे पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा नदी ओलांडून कवळ्यास गेली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला. देव पालखीतून गेले. माणसे अंगावरच्या वस्त्रांनिशी गेली. पोथ्या कितीशा जाणार? १६८४ मध्ये तर आल्व्होरच्या कौंताने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा काढली.

तरीही कृष्णदासाचे काव्य वाचले. ते वाचविले त्याच्या धर्माशी झुंजणाऱ्यांनी. जेझुइट पाद्र्यांनी आमच्या ग्रंथांची रोमन लिपीत लिप्यंतरे करून घेतली. हेतू भक्तीचा नव्हता. भाषा शिकावी व मताचे खंडन करावे हा होता. फादर स्टीफन्सला १६१६ चे ख्रिस्तपुराण ओवीत रचता आले, ते याच परंपरेचे ऋण घेऊन, असे माझे मत आहे. ही हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात राहिली. त्यांत कोंकणी गद्यातील रामायण-महाभारताच्या कथाही आहेत. कोंकणी गद्याचे इतके जुने नमुने फार थोडे.

वाटणीच्या दिवशी आंब्याच्या झाडासाठी भाऊ भांडतात, हे मी पाहिले आहे. वाकळ कोणी न विचारता लेकीच्या गाठोड्यात जाते. तिला मुद्रांक लागत नाही. आणि पोथीचे बासन पाहिले तर तेही बहुधा आजीच्या जुन्या लुगड्याच्याच पदराचे असते.