निपुत्रिकाची गादी

कोल्हारची मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ रोजी संपली. एकट्या कोल्हारची नव्हे, सबंध महाराष्ट्राची. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद रद्द झाले आणि वसुली पूर्णपणे सरकारी तलाठ्याच्या हाती गेली. पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमले जाऊ लागले, पण ती नेमणूक आहे, वतन नाही. आज प्रवरेच्या एका काठावर राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक आणि दुसऱ्या काठावर राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द, दोन्हीकडे ‘पाटील’ ही हाक कानावर पडते. ज्याला हाक मारली जाते त्याच्याकडे सनद नसते, हक्कलवाजमा नसतो. मान मात्र असतो.

पदवी अशी कायद्याने संपते, तसा तिचा आणखी एक शेवट असतो. घरात वारस उरत नाही आणि पदवी त्या घराबरोबर जाते. हा दुसरा शेवट आपल्याकडे कसा आला, कोणी आणला आणि ज्यांनी आणला त्यांच्या स्वतःच्या पदव्यांचे काय झाले, याची ही कुळकथा. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या एका मोठ्या अन्यायाचे मूळ तिच्यात आहे असे मी मानतो.

इंग्लंडातल्या उमरावपदाला राजाचे सनदपत्र लागते. पद पुढे कोणाकडे जायचे ते त्या पत्रातच लिहिलेले असते. बहुतेक पत्रांत एकच अट असते: मूळ उमरावाच्या औरस पुरुष वंशजांनीच ते चालवावे. मुलगी असली तरी उपयोग नाही, लग्नाआधी झालेला मुलगा चालत नाही आणि दत्तक तर मुळीच नाही. काही जुनी पदे, विशेषतः स्कॉटलंडातली, मुलीकडेही जातात. काही ठिकाणी अनेक बहिणी समान वारस ठरल्या की पद तहकूब राहते. पण सर्वसाधारण नियम कडक. पुरुष वंशज संपला की पद विझले.

या नियमाची आपल्या मुलखाशी गाठ पडली ती एका पाटलाच्या निमित्ताने. महादजी शिंदे मूळचे कण्हेरखेडचे पाटील, पण त्यांच्या घराण्याचा पसारा नगर जिल्ह्यातही होता. श्रीगोंदे शिंद्यांचे, पारनेर तालुक्यातल्या जामगावचा वाडा महादजींचा. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ हे पद दिले आणि त्यांचे नायब म्हणून महादजी दिल्लीचा कारभार पाहू लागले. मोगली दरबारात याहून मोठा मान नव्हता. १७९२ मध्ये महादजी त्या पदाची वस्त्रे घेऊन पुण्याला आले, तेव्हाही ते स्वतःला पाटीलच म्हणवत होते. साऱ्या हिंदुस्थानात त्यांची ओळख ‘पाटीलबाबा’ अशीच होती. एवढे थोर पद हाती असताना माणसाने गावची पाटीलकी पुढे करावी, यात मला नुसता मुत्सद्दीपणा दिसत नाही. बादशहाने दिलेले बादशहा काढून घेऊ शकतो, गावाने मानलेले कोणी काढू शकत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असावे.

पुढे तसेच झाले. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. सप्टेंबरात जनरल लेकने दिल्ली घेतली आणि १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. वकील-इ-मुतलक हे पद त्यानंतर निव्वळ कागदावर राहिले. लेकला मात्र उमरावपद मिळाले, आणि ते आपल्या पराभवाचे नाव घेऊन: दिल्ली आणि लासवारीचा लेक. १८०४ मध्ये बॅरन, १८०७ मध्ये व्हायकाउंट. हे पद चाळीसेक वर्षेच टिकले. १८४८ च्या जूनमध्ये तिसरा व्हायकाउंट वारला, पुरुष वारस नव्हता, आणि लासवारीचे नाव उमरावांच्या यादीतून गेले.

त्याच वर्षी, त्याच्या थोडे आधी, ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, रीतसर, शास्त्रोक्त.

इथे साताऱ्याच्या गादीची आधीची हकिकत पाहायला हवी, कारण सगळा वाद तिच्यावरच होता. थोरल्या शाहू महाराजांना मुलगा नव्हता, म्हणून रामराजे दत्तक आले. रामराजांनाही वारस नव्हता, म्हणून १७७७ मध्ये वावीकर भोसल्यांच्या घरातला विठोजी दत्तक घेतला आणि त्याचे नाव शाहू ठेवले. वावी म्हणजे सिन्नर तालुक्यातले, शिर्डीहून सिन्नरला जाताना लागणारे. या धाकट्या शाहूंचे मुलगे प्रतापसिंह आणि आप्पासाहेब. म्हणजे १८१९ च्या सप्टेंबरात ईस्ट इंडिया कंपनीने ज्या प्रतापसिंहांशी तह केला, तेच एका दत्तकाचे पुत्र होते. कंपनीला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नव्हते. तहात वारस आणि उत्तराधिकारी यांचा स्पष्ट उल्लेख होता. एकोणतीस वर्षांनी तीच कंपनी म्हणाली की सार्वभौम सत्तेच्या संमतीशिवाय घेतलेला दत्तक गादीचा वारस होत नाही.

मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी विरोध केला. तो मानला गेला नाही. नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी नुकतेच, जानेवारीत, हिंदुस्थानात आले होते. वय पस्तीस. त्यांनी राज्य खालसा करण्याच्या बाजूने कौल दिला आणि १८४९ मध्ये लंडनच्या संचालकांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. दत्तकाला महाराजांची खासगी मालमत्ता मिळाली, राज्य मिळाले नाही.

डलहौसींनी हा नियम शोधून काढला असे म्हणतात ते खरे नाही. दत्तक मंजूर करण्यात हात आखडता घ्यावा असे धोरण कंपनीने १८३४ मध्येच ठरवले होते, आणि १८४० च्या सुमारास कुलाब्याच्या आंग्र्यांचा वंश खुंटला तेव्हा ‘सरखेल’ या पदवीचे राज्य त्याच न्यायाने गेले. वारशाच्या वेळी वरच्या सत्तेची संमती लागते ही कल्पना आपल्यालाही नवी नव्हती. सरदार दत्तक घेई तेव्हा पेशवे नजराणा घेत, कधी सरंजाम काही काळ जप्तही ठेवत. पण नजराणा भरला की दत्तक मान्य होई. संमती मागण्याची चाल दोन्हीकडे होती, मात्र इकडे तिचा उपयोग घर चालू ठेवण्यासाठी व्हायचा आणि तिकडे घर बंद करण्यासाठी झाला.

फरकाचे मूळ वारस या कल्पनेत आहे. आपल्याकडे पुत्र हा धर्मकृत्यासाठी, पिंडपाण्यासाठी लागतो, आणि दत्तविधानाने आलेला मुलगा ते सगळे करतो. त्याचे गोत्र बदलते, नाव बदलते, मूळ घराशी त्याचा वारसाहक्क तुटतो. शास्त्राच्या दृष्टीने तो त्या घरातच जन्मलेला असतो. इंग्रजी उमरावाच्या घरात रक्ताशिवाय दुसरे काही चालत नाही. डलहौसी अशाच घरात जन्मले होते. ते दहावे अर्ल. ज्या नियमाखाली त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारसा चालत आला, तोच त्यांना साऱ्या जगाचा न्याय वाटला असावा. त्यांच्या हेतूंविषयी मला शंका घ्यायची नाही. परक्याच्या घरातला मुलगा मुलगा नव्हे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, एवढाच माझा प्रश्न आहे.

साताऱ्यानंतर रांग लागली. नोव्हेंबर १८५३ मध्ये झाशीचे गंगाधरराव गेले. आदल्या दिवशी घेतलेला दत्तक नामंजूर झाला. त्याच डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले दत्तक न घेताच वारले, आणि त्यांच्या राण्यांना तो अधिकार नाकारला गेला. नागपूरकर भोसल्यांची पदवी ‘सेनासाहेब सुभा’. थोरल्या शाहू महाराजांनी ती परसोजी भोसल्यांना दिली होती, आणि पहिल्या रघूजींनी तिच्या बळावर बंगालपर्यंत चौथाई बसवली. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. वाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले. राण्यांनी ज्या मुलाला घरात आणले त्या जानोजींना १८५७ नंतर ‘राजाबहादुर’ हा किताब देण्यात आला, आणि तो सातारा जिल्ह्यातल्या देऊर गावच्या नावाने. दीडशे वर्षांच्या सुभ्याची बोळवण एका गावावर झाली.

डलहौसींना या काळात स्वतःची बढतीही मिळाली. पंजाब जिंकल्याबद्दल १८४९ मध्ये ते मार्क्विस झाले. १८५६ मध्ये खालावलेल्या प्रकृतीने मायदेशी परतले आणि १९ डिसेंबर १८६० रोजी, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, डलहौसी गढीत वारले. त्यांना दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. जुने अर्लपद चुलतघराण्यातल्या फॉक्स मॉलकडे गेले. मार्क्विसपद पहिल्याच पिढीत विझले. साताऱ्याला लावलेल्या नियमाहून इथला नियम वेगळा नव्हता.

मराठी सत्ता मोडणारे तीन गव्हर्नर जनरल मार्क्विस होते, आणि तिघांचीही ती पदे आज नाहीत. १८०३ चे युद्ध चालवणारे रिचर्ड वेलस्ली १८४२ मध्ये वारले. त्यांना मुलगे होते, पण लग्नाआधी झालेले, म्हणून पद संपले. १८१८ मध्ये पेशवाई बुडवणाऱ्या हेस्टिंग्जचा नातू, चौथा मार्क्विस, घोड्यांच्या शर्यतींत संपत्ती उधळून १८६८ मध्ये सव्विसाव्या वर्षी निपुत्रिक गेला. त्याच्याच घरातले लाउडनचे अर्लपद स्कॉटिश असल्यामुळे बहिणीला मिळाले, मार्क्विसपद मात्र तिला मिळू शकले नाही. तिसरे डलहौसी.

चौथे नाव वेगळ्या कारणासाठी घ्यायला हवे. १८५७ चा वणवा विझल्यावर लॉर्ड कॅनिंग यांना कळले की दत्तकाचा हक्क नाकारणे ही मोठी चूक होती. मार्च १८६२ मध्ये त्यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. औरस वारस नसला तर शास्त्र आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे घेतलेला दत्तक सरकार मान्य करील, असे लेखी आश्वासन. कॅनिंग स्वतः निपुत्रिक होते. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले आणि त्यांचे तीनच वर्षांपूर्वीचे अर्लपद, आईकडून आलेल्या व्हायकाउंटपदासह, संपले. दुसऱ्यांच्या गाद्यांना त्यांनी जे दिले ते त्यांच्या स्वतःच्या गादीला देणारा कायदा त्यांच्या देशात नव्हता.

त्या सनदांनी महाराष्ट्राला काय दिले हे पाहण्यासाठी दोन नावे पुरतात. बडोद्याच्या गायकवाडांची पदवी ‘सेनाखासखेल समशेरबहादर’. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाणे गावचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा, गोपाळ, दत्तक घेतला. ते सयाजीराव. कोल्हापुरात १८६६ पासून एकापाठोपाठ तीन दत्तक झाले आणि १८८४ मधला तिसरा दत्तक कागलच्या घाटग्यांच्या घरातला यशवंतराव. ते शाहू महाराज. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, आरक्षण, वसतिगृहे, हे सगळे ज्या दोन राज्यकर्त्यांनी केले ते दोघेही दत्तक होते. डलहौसींचा नियम राहिला असता तर दोघेही गादीवर बसले नसते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे एका ओळीतही सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत आहे.

राजांच्या पदव्यांची ही गोष्ट. पण वंश खुंटणे गावालाही चुकलेले नाही, आणि गावाची रीत निराळी होती. देशावरच्या गावांत, नगर जिल्ह्यातही, शेतजमीन थळांत वाटलेली असे. थळ म्हणजे एका मूळ कुळाच्या मिराशीची, म्हणजे वंशपरंपरागत हक्काची, जमीन, आणि त्याला त्या कुळाचे नाव. मिरासदार दुष्काळात किंवा स्वारीत परागंदा झाला तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. अनेक वर्षांनी तो किंवा त्याचा नातू परतला तर जमिनीवर दावा सांगू शके. तोवर ती उपऱ्याकडे कसायला. कुळ खरोखरच नष्ट झाले तर जमीन गतकुळ म्हणून थळझाड्यात, म्हणजे थळांच्या नोंदीत, लागे, आणि पाटील व गाव मिळून ती दुसऱ्याला मिराशीने देत. जमीन नव्या घराकडे जाई, थळ मात्र जुन्या कुळाच्या नावाने चालू राही. इंग्रजांनी १८१८ नंतर मुलूख पाहणीला घेतला तेव्हा एल्फिन्स्टनपासून सर्वांनी ही पद्धत नोंदवली आहे. निपुत्रिकाचे घर गेले तरी त्याचे नाव राखणारी ही व्यवस्था मला सनदांहून मोलाची वाटते.

ती नावे आता झपाट्याने जात आहेत. आधी सर्व्हे नंबर आले, मग १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर गट नंबर. बहुतेक शेतांची ओळख आज आकड्यांनी होते. तरी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर वरच्या भागात एक रकाना अजून छापलेला असतो: ‘शेताचे स्थानिक नाव’. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा असतो. कोल्हारला, दोन्ही काठांवर, वयस्कर शेतकऱ्यांना विचारून तो भरता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.