भिरुडाची वंशावळ

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा ओलसर भुसा सांडलेला दिसला की बागायतदार एकच शब्द उच्चारतो: भिरूड. मग भोकात तार घालून अळी ओढायची, आत औषधाचा बोळा कोंबायचा, वरून चिखलाने तोंड लिंपायचं. उशीर झाला तर फांदी गेली, कधी झाडही. पावसाळ्याच्या सुमारास याच अळीचा भुंगा होऊन बाहेर पडतो. ठाण्या-डोंबिवलीत जिथे आंबा-उंबर अजून शाबूत आहेत, तिथे तो रात्री दिव्यावर येऊन आदळतो. बोटाच्या दोन पेरांएवढा, राखाडी, पाठीच्या पुढच्या भागावर दोन केशरी ठिपके आणि मिशा चांगल्या लांबलचक. चिमटीत धरला तर करकरतो. हा आवाज तोंडाचा नव्हे. छातीचा पुढचा भाग मागच्या रेघाळ पट्टीवर घासून तो काढलेला असतो.

या भिरुडाचं शास्त्रीय बारसं झालं स्वीडनमध्ये. लोखंडाच्या कारखान्यांचा मालक असलेला बॅरन शार्ल द गेर हा हौशी कीटकशास्त्रज्ञ. कोकण त्याने कधी पाहिलं नाही. 1775 मध्ये त्याने भिरुडाला ‘सिरॅम्बिक्स’ या प्रजातीत घातलं. तेव्हा लांब मिशांचे बरेचसे भुंगे त्याच एका खात्यात जमा होत. वसाहतींतून पेट्या येत गेल्या आणि ते खातं फुगलं, तेव्हा वाटण्या करणं भाग पडलं. भिरुडाला ‘बॅटोसेरा’ हे वेगळं घर मिळालं ते फ्रान्सच्या काउंट देजाँच्या 1835 च्या यादीत. हा नेपोलियनच्या फौजेतला सेनानी. ऐन लढाईत घोड्यावरून उतरून त्याने भुंगा टिपला आणि शिरस्त्राणात टोचून ठेवला, असं सांगतात. गंमत म्हणजे यादीत प्रजातीचं वर्णन नव्हतंच. नुसतं नाव आणि त्याखाली कोण कोण येतात, एवढंच. त्या काळी तेवढ्यावर भागत असे.

आता भागत नाही. 1930 नंतरच्या नियमांनुसार नवी प्रजाती मांडायची तर ती इतरांपासून कशी वेगळी, हे शब्दांत सांगावं लागतं आणि तिची आदर्श जाती नेमून द्यावी लागते. लांब मिशा हा तर पुरावाच नव्हे. त्या दुसऱ्या भुंग्यांनाही असतात. भिंगाखाली पाहायचं ते वेगळंच. मिशीच्या मुळाशी डोळा खाच पडून वाकलेला आहे का? पावलाचे सांधे चार दिसतात, पण तिसऱ्याच्या बेचक्यात इवलासा चौथा दडलेला आहे का, म्हणजे खरे पाच? चेहरा सरळ खाली उतरतो की पुढे झुकतो? भिरुडाचा खाली उतरतो, म्हणून तो ‘लॅमिइनी’ या उपकुळात जातो.

नेमकं इथेच आपलं नशीब आडवं आलं. ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स गाहनने 1906 मध्ये भारतातल्या लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळाचा जाडजूड ग्रंथ काढला. इथल्या भुंग्यांवर काम करणाऱ्याला आजही त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. पण त्यात लॅमिइनी नाहीत. ते दुसऱ्या खंडात यायचे होते आणि तो खंड आलाच नाही. म्हणजे आमचा आंबा खाणाराच ग्रंथाबाहेर राहिला! पुढे हे उपकुळ प्रामुख्याने स्टेफान फॉन ब्रॉइनिंग या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसात बसून उपसलं. त्याने दिलेल्या नावांची संख्या सात हजारांवर जाते. वर्णनं मात्र पुष्कळदा दोन-चार ओळींची, त्यामुळे ती निस्तरण्याचं काम अजून चालू आहे. माझ्या मते नवी नावं देण्याहून हे काम मोठं आहे, पण त्याची बातमी होत नाही.

बातमी झाली ती 2021 मध्ये, कोळ्यांची. ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती नोंदल्या गेल्या. त्यातल्या एकीला 26/11 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं, ‘आयसियस तुकारामी’. जाती नवी, प्रजाती मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ सिमोनने 1876 मध्ये मांडलेली जुनीच. बहुतेक शोध असेच असतात. सापडलेला जीव आधीच्या कुठल्याच घरात बसत नाही हे सिद्ध करायला शेजारपाजारची सगळी घरं तपासावी लागतात, आणि भुंग्यांच्या बाबतीत त्यांचे मूळ नमुने बव्हंशी लंडन-पॅरिसच्या कपाटांत आहेत. निदान नव्याने सापडणाऱ्यांचं तसं होऊ नये, म्हणून 2002 च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचा नमुना देशातल्या अधिकृत संग्रहात जमा करणं बंधनकारक केलं आहे.